विश्लेषण : घरच्या कॉम्प्युटरवरील ‘सराउंड साउंड’चे मूळ १९३१ मध्ये? कोण होते ॲलन ब्लुमलाइन?

कॉम्प्युटरला पाच स्पीकर आणि एक सबवूफर जोडला, चित्रपट सुरू केला, तर आवाज घरभर घुमतो. त्याच कॉम्प्युटरवर गेम लावला, की मागचे स्पीकर मुके होतात. अनेक घरांत हा प्रकार घडतो आणि खापर स्पीकरवर फुटते. खरा अडथळा असतो तो केबलमध्ये. दोन आवाजांसाठी आखलेल्या वाटेवरून सहा आवाज कसे न्यायचे, हा तो पेच. एकाच वाटेवरून एकाहून अधिक आवाज नेण्याचा आणि ते दुसऱ्या टोकाला पुन्हा वेगळे करण्याचा मार्ग ज्यांनी सुमारे नऊ दशकांपूर्वी शोधला, ते ब्रिटिश इंजिनीअर ॲलन डोअर ब्लुमलाइन. त्यांच्या नावावर १२८ पेटंट आहेत. स्टीरिओ ध्वनी, टेलिव्हिजन आणि रडार या तिन्ही क्षेत्रांत त्यांचा हात होता. तरीही अपघाती मृत्यूनंतर सुमारे ५७ वर्षे त्यांचे साधे चरित्रही प्रसिद्ध झाले नव्हते.

कोण होते ब्लुमलाइन?

लंडनमधील हॅम्पस्टेड भागात २९ जून १९०३ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील सेमी ब्लुमलाइन जर्मनीत जन्मलेले, पुढे ब्रिटिश नागरिक झालेले आणि खाण व्यवसायाशी संबंधित. आई जेसी ही दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या एका स्कॉटिश मिशनऱ्याची मुलगी. घरात पैशाची चणचण नव्हती, पण १९१४ मध्ये वडील गेले तेव्हा ॲलन जेमतेम ११ वर्षांचा होता.

त्याच्या बालपणीची एक गोष्ट सगळे चरित्रकार सांगतात. सात वर्षांच्या ॲलनने घरच्या दारावरची विजेची घंटा दुरुस्त केली आणि वडिलांना त्याचे रीतसर बिल दिले. बिलाखाली स्वतःच्या नावापुढे इलेक्ट्रिकल इंजिनीअर असा हुद्दाही लिहिला. याच मुलाला बारा वर्षांचा होईपर्यंत धड वाचता येत नव्हते, असे त्याच्या बहिणीने सांगून ठेवले आहे. अक्षरांशी वैर आणि गणिताशी दोस्ती असा हा मामला होता.

हायगेट स्कूलमधून तो लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजात गेला आणि १९२३ मध्ये पहिल्या वर्गात बीएस्सी झाला. पुढच्याच वर्षी ब्लुमलाइन इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिक या टेलिफोन क्षेत्रातील कंपनीत रुजू झाले. तिथे त्यांच्यासमोर आलेला प्रश्न वरवर पाहता रूक्ष होता. लांब पल्ल्याच्या टेलिफोन केबलमध्ये तारांच्या अनेक जोड्या एकमेकींना खेटून जात आणि एका जोडीवरचे बोलणे शेजारच्या जोडीत झिरपे. हे झिरपणे कमी करण्यासाठी ब्लुमलाइन यांनी तारांमधील समतोलाचा बारकाईने अभ्यास केला. दोन तारांमध्ये समान काय आहे आणि वेगळे काय आहे, हे अलग करून पाहण्याची त्यांची सवय बहुधा इथलीच. पुढच्या आयुष्यात ती त्यांच्या जवळजवळ प्रत्येक शोधात दिसते.

तबकड्यांच्या धंद्यात ते कसे आले?

१९२९ मध्ये ते कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत दाखल झाले. त्या काळी विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण करण्याच्या पद्धतीवर अमेरिकी पेटंटची पकड होती आणि विकल्या जाणाऱ्या तबकड्यांवर रॉयल्टी मोजावी लागे. ही पेटंट टाळून स्वतःची पद्धत उभी करा, असे काम ब्लुमलाइन यांना मिळाले. सहकारी हर्बर्ट होल्मन यांच्यासह त्यांनी खाचा कोरणारे नवे यंत्र बनवले. ते रॉयल्टीच्या बंधनाबाहेर तर होतेच, शिवाय जुन्या यंत्रापेक्षा सरसही ठरले. कंपनीचे सरव्यवस्थापक होते आयझॅक शोनबर्ग. रशियन साम्राज्यात जन्मलेल्या या गृहस्थांना माणसाची पारख होती. हा तरुण हाताशी आहे तोवर त्याला मोकळे सोडावे, एवढे त्यांनी ओळखले.

१९३१ मध्ये कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी यांचे विलीनीकरण होऊन ईएमआय ही कंपनी उभी राहिली. तिची प्रयोगशाळा लंडनच्या पश्चिमेला हेझ इथे होती. ब्लुमलाइन यांचे पुढचे सगळे काम इथून झाले.

सिनेमागृहातील तक्रार काय होती?

बोलपट येऊन तेव्हा तीन-चार वर्षेच झाली होती. १९३१ च्या सुरुवातीला ब्लुमलाइन आपली मैत्रीण डोरीन लेन हिच्यासह चित्रपटाला गेले होते. दोन वर्षांनी त्यांचे लग्न झाले. सिनेमागृहात आवाज एकाच ठिकाणाहून येई. नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडे. इतर प्रेक्षकांना बोलणारे चित्र पाहायला मिळते याचेच अप्रूप होते. ब्लुमलाइन यांना मात्र हे खटकले आणि आवाज नटाच्या मागोमाग पडद्यावर फिरेल असा उपाय आपल्याला सुचला आहे, असे त्यांनी डोरीनला सांगितले.

त्यांची या विषयावरची सर्वांत जुनी टिपणे २५ सप्टेंबर १९३१ ची आहेत. तीन महिन्यांच्या आत, १४ डिसेंबर रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. जून १९३३ मध्ये तो मान्य झाला. ब्रिटिश पेटंट क्रमांक ३९४३२५. त्यात एकूण ७० दावे आहेत. पेटंट म्हटले की एखादा सुटा भाग किंवा एखादी जोडणी डोळ्यांसमोर येते. इथे मायक्रोफोनपासून तबकडीपर्यंत आणि फिल्मपासून स्पीकरपर्यंत अख्खी साखळी एकाच कागदपत्रात होती. स्टीरिओ हा शब्दही त्यांनी वापरला नाही. दोन कानांचा ध्वनी अशा अर्थाचे बायनॉरल हे नाव त्यांनी दिले होते.

नेमका शोध काय होता?

माणसाला आवाजाची दिशा कळते ती मुख्यतः दोन खुणांवरून. डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी पोहोचतो आणि थोडा मोठा ऐकू येतो. दोन कानांतील हा वेळेचा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, पण मेंदूला तेवढा पुरतो. खर्जातला आवाज डोक्याला वळसा घालून दोन्ही कानांपर्यंत जवळपास सारख्याच जोराने जातो, त्यामुळे तिथे वेळेचा फरक महत्त्वाचा. उंच पट्टीचा आवाज डोक्यामुळे अडतो, तिथे लहान-मोठेपणा महत्त्वाचा.

मग दोन कानांच्या जागी दोन मायक्रोफोन ठेवले आणि दोन स्पीकरमधून ऐकवले की काम झाले, असे वाटेल. हेडफोनवर ते बऱ्यापैकी जमते. स्पीकरवर फसते. कारण डावा स्पीकर उजव्या कानालाही ऐकू येतो आणि उजवा डाव्याला. जपून टिपलेला वेळेचा फरक खोलीत पोहोचताच या सरमिसळीत हरवतो.

ब्लुमलाइन यांनी गणित मांडून दाखवले, की ही सरमिसळ शत्रू नाही, तिच्याकडून काम करून घेता येते. दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज एकाच वेळी सोडायचा, फक्त एकीकडे मोठा आणि दुसरीकडे लहान. प्रत्येक कानाला दोन्ही स्पीकरचा आवाज थोड्या अंतराने मिळतो, त्यांची बेरीज होते आणि त्या बेरजेतून खर्जाच्या आवाजात आपोआप वेळेचा फरक तयार होतो. म्हणजे स्पीकरपाशी केवळ लहान-मोठेपणा सांभाळला, तरी ऐकणाऱ्याच्या डोक्यापाशी हवी ती खूण उमटते. आज गाण्यातील एखादे वाद्य डावीकडे किंवा उजवीकडे सरकवायला ध्वनिमुद्रक जी कळ फिरवतो, ती याच तत्त्वावर चालते.

मायक्रोफोनने टिपलेला वेळेचा फरक लहान-मोठेपणात बदलण्यासाठी त्यांनी एक जोडणी केली. तिला पुढे शफलर हे नाव पडले. डाव्या-उजव्या संदेशांची आधी बेरीज करायची, मग वजाबाकी. बेरजेत दोन्हीकडे समान असलेले सगळे येते, वजाबाकीत उरतो तो फरक. या फरकाचे प्रमाण आवाजाच्या पट्टीनुसार बदलायचे आणि पुन्हा बेरीज-वजाबाकी करून डावे-उजवे परत मिळवायचे. टेलिफोनच्या तारांवर मुरलेली सवय इथे कामी आली.

दुसरा मार्ग आणखी साधा होता. दोन मायक्रोफोन एकाच जागी, एकमेकांशी काटकोनात ठेवायचे. जागा एकच असल्यामुळे वेळेचा फरक उरतच नाही, फक्त लहान-मोठेपणा मिळतो. ही मांडणी आजही जगभरच्या स्टुडिओंत ब्लुमलाइन जोडी याच नावाने ओळखली जाते.

एका खाचेत दोन आवाज कसे बसवले?

तबकडीवरची सुई तोवर एक तर आडवी हलायची किंवा वरखाली. बर्लिनर यांच्या तबकड्यांत ती आडवी हले, एडिसन यांच्या पद्धतीत वरखाली. ब्लुमलाइन यांनी या दोन्ही हालचाली एकाच खाचेत आणल्या. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. आडव्या आणि उभ्या हालचालींचा दर्जा सारखा नसतो, म्हणून त्यांनी सगळी रचना ४५ अंशांत कलती केली. खाचेच्या दोन भिंती एकमेकींशी काटकोनात. एका भिंतीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा. दोन्हींना न्याय सारखा.

यातली खरी गंमत पुढे आहे. अशी तबकडी एकाच स्पीकरच्या जुन्या ग्रामोफोनवर लावली, तर तिची सुई फक्त आडवी हालचाल टिपते आणि ही आडवी हालचाल म्हणजे डाव्या-उजव्याची बेरीज. त्यामुळे जुन्या यंत्रावरही गाणे पूर्ण ऐकू येते, काही गळत नाही. १९५८ मध्ये स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या याच ४५ अंशांच्या खाचेसह. तोवर मूळ पेटंटची मुदत संपलेली होती.

मग त्याच वेळी स्टीरिओ बाजारात का आला नाही?

प्रयोग रखडले नव्हते. १९३३ च्या अखेरीस पहिल्या चाचणी तबकड्या कोरल्या गेल्या. त्यांवर हेझच्या सभागृहात इकडून तिकडे चालत बोलणाऱ्या इंजिनीअर मंडळींचे आवाज आहेत. १९३४ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत सर थॉमस बीचम यांच्या संचालनाखालील मोझार्टच्या ज्युपिटर सिम्फनीचे ध्वनिमुद्रण या पद्धतीने झाले. १९३५ मध्ये छोटे चित्रपटही काढले गेले. एकात माणसे रंगमंचावर चालत बोलतात आणि आवाज त्यांच्यासोबत सरकतो. दुसरा पाच मिनिटांचा, हेझ स्टेशनवरून जाणाऱ्या वाफेच्या गाड्यांचा. गाडी पडद्याच्या एका कडेकडून दुसरीकडे जाते आणि तिची धडधड तिच्याबरोबर जाते. चार वर्षांपूर्वी सिनेमागृहात खटकलेली गोष्ट त्यांनी प्रत्यक्ष सोडवून दाखवली होती.

पण विकायचे कुणाला? जागतिक मंदीचे दिवस होते. लाखेच्या तबकडीची एक बाजू चार-पाच मिनिटांत संपे आणि खरखर इतकी, की दिशेची नजाकत तिच्यात बुडून जावी. घरोघरी दुसरा स्पीकर घ्यायला कुणी तयार झाले असते, असे वाटत नाही. कंपनीला त्याहून मोठी संधी टेलिव्हिजनमध्ये दिसत होती. त्यामुळे शोनबर्ग यांनी आपला सर्वांत हुशार माणूस तिकडे वळवला. व्यवहार म्हणून हा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. ध्वनितंत्र मात्र त्यामुळे दोन दशके मागे राहिले.

अमेरिकेतही याच काळात काम सुरू होते. बेल लॅब्सच्या संशोधकांनी एप्रिल १९३३ मध्ये फिलाडेल्फियातील वाद्यवृंदाचा आवाज तीन स्वतंत्र वाहिन्यांतून वॉशिंग्टनच्या सभागृहात पोहोचवला. त्यांचा विचार वेगळा होता. रंगमंचासमोर अनेक मायक्रोफोन लावायचे आणि दुसऱ्या सभागृहात तितकेच स्पीकर. आजच्या ५.१ संचातला मधला स्पीकर या अमेरिकी विचाराचा वारसा सांगतो. डिस्नेने १९४० मध्ये फँटेशिया चित्रपटासाठी अनेक वाहिन्यांचा आवाज वापरला, तोही याच वाटेवरचा. त्यामुळे सराउंड साउंडचे जनकत्व एकट्या ब्लुमलाइन यांच्या पदरात टाकणे ही अतिशयोक्ती होईल. त्यांचे श्रेय वेगळे आणि नेमके आहे. कमी वाहिन्यांत जास्त माहिती बसवण्याचे बेरीज-वजाबाकीचे तंत्र त्यांनी ध्वनीला दिले.

टेलिव्हिजनमध्ये त्यांनी काय केले?

२ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित टेलिव्हिजन सेवा सुरू केली. सुरुवातीला दोन पद्धती आलटून पालटून वापरल्या जात होत्या. एक जॉन लोगी बेअर्ड यांची २४० रेषांची, दुसरी मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेषांची. काही महिन्यांतच बेअर्ड यांची पद्धत बाद झाली. ४०५ रेषांच्या संदेशाची आखणी करणाऱ्या चमूत ब्लुमलाइन अग्रभागी होते. ही पद्धत ब्रिटनमध्ये १९८५ पर्यंत चालली, यावरून तिची मजबुती कळते.

याच काळातला त्यांचा एक शोध आज प्रत्येक घरात आहे, पण दिसत नाही. मे १९३७ मध्ये राजे सहावे जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाची मिरवणूक टेलिव्हिजनवर दाखवायची होती. त्यासाठी चित्राचा संदेश लंडनच्या रस्त्यांखालून लांब केबलमधून न्यायचा होता. अशा केबलमध्ये बाहेरचा विजेचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो. ब्लुमलाइन यांनी दोन व्हॉल्व्हची अशी जोडी वापरली, जी दोन्हींवर समान असलेले सगळे नाकारते आणि फक्त फरक वाढवते. गोंगाट समान, संदेश वेगळा. म्हणून गोंगाट गळतो आणि संदेश उरतो. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, पुढे चिप आल्या, पण ही जोडी टिकली. कॉम्प्युटरच्या साउंड कार्डमधील ॲम्प्लिफायर चिपचे पहिले पाऊल आजही याच रचनेचे असते.

नोकरीची वर्षे जेमतेम अठरा आणि पेटंट १२८. म्हणजे सरासरी वर्षाला सात. फावल्या वेळात ते विमान उडवायला शिकले होते आणि लंडनजवळच्या स्टॅग लेन धावपट्टीवरून टायगर मॉथ उडवत.

युद्धाने त्यांना कुठे नेले?

युद्धाचे ढग जमू लागले तेव्हा शत्रूची विमाने अंधारात येताना कानाने हेरण्यावर भिस्त होती. सैनिक मोठाल्या कर्ण्यांना कान लावून दिशा ठरवत. ब्लुमलाइन यांनी या दोन कर्ण्यांतील आवाजाचा फरक पडद्यावर दिसेल असे उपकरण बनवले. सिनेमागृहासाठी सुचलेली कल्पना अशी तोफखान्याकडे पोहोचली. रडार आल्यावर त्यांनी त्यातही झपाट्याने काम केले.

१९४२ मध्ये ते एच२एस या प्रकल्पावर होते. बॉम्बफेकी विमानाच्या पोटाखाली बसवलेले हे रडार ढगांआडून किंवा काळोखातूनही खालच्या जमिनीचा नकाशा पडद्यावर उमटवणार होते. त्याच्या मुळाशी होता कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन, म्हणजे अतिशय आखूड लहरी प्रचंड ताकदीने निर्माण करणारी नळी. आज मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये असते तीच. त्या काळी ब्रिटनच्या सर्वांत जपलेल्या गुपितांपैकी ती एक होती.

रविवार, ७ जून १९४२. दुपारी डेफर्ड विमानतळावरून हॅलिफॅक्स जातीचे व्ही९९७७ हे विमान चाचणीसाठी उडाले. विमानात ब्लुमलाइन, ईएमआयमधील त्यांचे सहकारी सेसिल ब्राउन आणि फ्रँक ब्लायदन, सरकारी संशोधक आणि हवाई दलाचे कर्मचारी असे ११ जण होते. उजवीकडच्या बाहेरच्या इंजिनाला आग लागली. ती विझेना. हेरफर्डशरमधील वेल्श बिकनॉर गावाजवळ विमान कोसळले आणि सगळे ठार झाले. चौकशीत कारण निघाले ते इंजिनातील एका व्हॉल्व्हशी संबंधित नट नीट घट्ट न केल्याचे. सुटलेल्या नटामुळे व्हॉल्व्हवर ताण आला, तो तुटला आणि आग भडकली.

ब्लुमलाइन तेव्हा ३८ वर्षांचे होते. मागे पत्नी डोरीन आणि दोन लहान मुले.

प्रकल्पाचे प्रमुख बर्नार्ड लव्हेल त्या विमानात नव्हते. पुढे रेडिओ दुर्बिणींसाठी जगप्रसिद्ध झालेले हेच लव्हेल. अपघाताची बातमी कळताच ते घटनास्थळी गेले आणि अवशेषांतून मॅग्नेट्रॉन शोधून परत आणला. सहकाऱ्यांचे मृतदेह समोर असताना आधी गुपित सांभाळावे लागले, असा तो काळ होता. काम थांबले नाही. जानेवारी १९४३ च्या अखेरीस हॅम्बर्गवरील हल्ल्यात एच२एस प्रथम वापरले गेले.

विस्मृतीत का गेले?

अपघाताची बातमी दडपण्यात आली. एवढे महत्त्वाचे संशोधक एका फटक्यात गेले, हे शत्रूला कळू द्यायचे नव्हते. वर्तमानपत्रांत मृत्युलेख नाहीत, सार्वजनिक शोकसभा नाही. नवरा कशावर काम करत होता आणि कसा गेला, हे डोरीन यांना मोकळेपणाने बोलताही येत नव्हते.

युद्ध संपल्यावर तरी दखल घेतली जायला हवी होती. पण रडारचे काम गुप्त कागदपत्रांत बंद होते आणि स्टीरिओ अजून बाजारात यायचा होता. १९५८ मध्ये तो आला तेव्हा ढोल वाजले ते अमेरिकी कंपन्यांचे. १९७० च्या दशकात एका संशोधकाने चरित्रासाठी कागदपत्रे आणि आठवणी गोळा केल्या, पण ते पुस्तक कधी निघाले नाही. १९७७ मध्ये लंडनच्या ईलिंग भागातील त्यांच्या घरावर निळी स्मृतिपाटी लागली. पहिले चरित्र प्रसिद्ध व्हायला १९९९ उजाडले, दुसरे लगेच पुढच्या वर्षी आले.

आजच्या सराउंडमध्ये त्यांचे काय उरले?

पुष्कळ. १९७० च्या दशकात डॉल्बीने ३५ एमएम फिल्मवरच्या दोन ध्वनिपट्ट्यांत चार वाहिन्या बसवल्या : डावी, मधली, उजवी आणि मागची. कृती तीच. दोन्ही पट्ट्यांत जे समान असेल ते मधल्या स्पीकरला, जे परस्परविरुद्ध असेल ते मागच्या स्पीकरला. १९७७ च्या स्टार वॉर्सने हा आवाज जगभर नेला. (भारतात त्याआधी, १९७५ मध्ये शोले ७० एमएमच्या पडद्यावर स्टीरिओफोनिक आवाजासह आला होता. मुंबईच्या मिनर्व्हात जयने उडवलेले नाणे खणखणले की लोक खुर्चीखाली शोधत, असे जुने प्रेक्षक सांगतात. तिथे मात्र फिल्मवर वाहिन्या स्वतंत्र होत्या, बेरीज-वजाबाकीची गरज नव्हती.)

घरातल्या होम थिएटरमध्ये प्रो लॉजिक नावाची सोय असते, तीही त्याच बेरीज-वजाबाकीवर चालते. एफएम रेडिओचा स्टीरिओ संदेश बेरीज आणि फरक अशाच रूपात येतो. एमपी३ फाइल लहान करतानाही अनेकदा डावे-उजवे याऐवजी बेरीज आणि फरक साठवतात, कारण फरक बहुधा किरकोळ असतो आणि त्याला जागा कमी लागते.

मग कॉम्प्युटरचे मागचे स्पीकर गप्प का?

१९९० च्या दशकात डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस आले आणि पाच वाहिन्या व एक खर्जाची वाहिनी, म्हणजे ५.१, वेगवेगळ्या राहू लागल्या. त्या कॉम्प्युटरमधून बाहेर काढण्याचे मार्ग प्रामुख्याने तीन.

पहिला साधा. मागे हिरवे, काळे आणि नारिंगी अशी तीन छिद्रे असतात. हिरवे पुढच्या दोन स्पीकरसाठी, काळे मागच्यांसाठी, नारिंगी मधला स्पीकर आणि सबवूफर यांसाठी. तीन केबल, प्रत्येकीत दोन, एकूण सहा. सेटिंगमध्ये स्टीरिओऐवजी ५.१ निवडावे लागते आणि नेमके तेच अनेकदा राहून जाते.

दुसरा मार्ग ऑप्टिकल किंवा कोॲक्सियल केबलचा, म्हणजे एसपीडीआयएफ. सोनी आणि फिलिप्स यांनी ही वाट सीडीच्या दोन वाहिन्या डोळ्यांसमोर ठेवून आखली. सीडीचा न दाबलेला आवाज सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट घेतो. डीव्हीडीवरचा डॉल्बी डिजिटल सहाही वाहिन्या दाबून ४४८ किलोबिटपर्यंत बसवतो, म्हणजे एक तृतीयांशाहून कमी जागेत. त्यामुळे चित्रपटाचा दाबलेला संदेश प्लेअरने जसाच्या तसा पुढे पाठवला, तर तो या केबलमधून सहज जातो आणि ॲम्प्लिफायर त्याचे सहा आवाज करतो. यासाठी प्लेअरमध्ये बिटस्ट्रीम किंवा पासथ्रू हा पर्याय सुरू करावा लागतो. गेमचे सहा आवाज त्याच क्षणी तयार होतात आणि दाबलेले नसतात. ते या वाटेत मावत नाहीत, म्हणून फक्त दोनच जातात. साउंड कार्डमध्ये डॉल्बी डिजिटल लाइव्ह किंवा डीटीएस कनेक्टसारखी सोय असेल, तर ती हे आवाज जागच्या जागी दाबून पाठवते.

तिसरा मार्ग एचडीएमआय. त्यात न दाबलेल्या आठ वाहिन्यांची सोय आहे, त्यामुळे गेम आणि चित्रपट दोन्ही सुटतात. ॲम्प्लिफायरला मात्र एचडीएमआय हवे आणि कॉम्प्युटरच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये तेच उपकरण निवडलेले हवे.

आणि ज्यांच्याकडे फक्त हेडफोन आहेत, त्यांच्यासाठीचा आभासी सराउंड दोन कानांतील वेळेचा आणि लहान-मोठेपणाचा फरक गणिताने तयार करतो. १९३१ च्या पेटंटची सुरुवात याच दोन खुणांपासून होते. ॲबी रोड स्टुडिओत २०१५ मध्ये ‘आयईईई’ या अभियंत्यांच्या संस्थेने या पेटंटच्या स्मरणार्थ फलक बसवला. २०१७ मध्ये ब्लुमलाइन यांना मरणोत्तर तांत्रिक ग्रॅमी जाहीर झाला. तेव्हा त्यांच्या मृत्यूला ७५ वर्षे होत होती.